पापड आणि पाणी : विठ्ठलवाडीतला एक पाहुणचार

ओतूरच्या स्थानकात कल्याणकडे जाणाऱ्या एस.टी.त मी चढले, तेव्हा माझ्यापाशी एक पिशवी आणि दोन गाठोडी होती. पिशवीत दोन साड्या होत्या. गाठोड्यांत काय होते ते पुढे येईलच. ती आणू नकोस म्हणून धाकट्या लेकीने फोनवर तीनदा बजावले होते. "आई, इथे सगळे विकत मिळते. चार लोकांत गाठोडे सोडलेले बरे दिसत नाही. तू फक्त ये," असे ती म्हणाली. मी बरे म्हटले आणि रात्री गाठोडी बांधली.

निमित्त होते नातवाच्या पहिल्या वाढदिवसाचे. आधी बेत मोठा होता. विठ्ठलवाडीला जावयांनी एक हॉल पाहून ठेवला होता. जेवण देणाऱ्याने ताटामागे 250 रुपये सांगितले होते. 60 ताटे धरली तर 15,000 रुपये नुसत्या जेवणाचे. हॉलचे भाडे, केक, फुगे, फोटोवाला हे निराळेच. त्यात जावयांचा दोन महिन्यांचा पगार रखडला. इकडे आमच्या रानात कांदा निघत होता, पण भाव पडलेला. तरी पहिल्या नातवाचा पहिला वाढदिवस, लोक काय म्हणतील, म्हणून आमच्या कारभाऱ्यांनी दावणीच्या दोन शेळ्यांकडे पाहायला सुरुवात केली होती. शेवटी लेकीनेच फोन केला. "हॉल नको. घरीच करू." एवढे बोलून ती गप्प झाली. तिला वाईट वाटले होते ते मला इकडे कळले.

घाट उतरून

ज्यांनी हा रस्ता पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. ओतूर सोडले की उजव्या हाताला डोंगर जवळ येऊ लागतात आणि पिंपळगाव जोगे धरणाचे पाणी रस्त्याची सोबत करते. मग माळशेज घाट लागतो. पावसाळ्यात तिथे धबधबे पाहायला मुंबईकरांची झुंबड असते, पण फाल्गुनात कडे कोरडे आणि करडे दिसतात. घाट उतरला की हवा बदलते. देशावरचा कोरडा वारा संपून ठाणे जिल्ह्याचा घामट उकाडा सुरू होतो. टोकावडे, सरळगाव, मुरबाड अशी गावे मागे पडतात. माझ्या मांडीवर एक गाठोडे, पायाशी दुसरे. 2023 च्या मार्चपासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले आहे, त्यामुळे लेकीकडे जायला पूर्वीसारखा विचार करावा लागत नाही. गाडीत निम्म्याहून जास्त बायकाच होत्या आणि प्रत्येकीच्या पायाशी काही ना काही बांधलेले होते. गावची वाट शहराकडे जाते ती अशी, धान्य घेऊन.

विठ्ठलवाडी म्हटले की पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरची विठ्ठलवाडी पुष्कळांना आठवते. ही ती नव्हे. मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने कल्याण सोडले की पहिले स्टेशन लागते ती ही विठ्ठलवाडी. त्याच्या पुढचे उल्हासनगर, मग अंबरनाथ. कल्याणला चुकून कसाऱ्याच्या गाडीत बसलात तर विठ्ठलवाडीऐवजी शहाड येईल, हे नव्या माणसाने ध्यानात ठेवावे. आपल्याला मात्र लोकलची गरज नाही. एस.टी.चे आगारच विठ्ठलवाडीला आहे.

गाव म्हणून इथे वेगळे काही दिसत नाही. कल्याणची वस्ती कुठे संपली आणि उल्हासनगरची कुठे सुरू झाली हे सांगणारे शिवार मध्ये उरलेले नाही. चाळी, इमारती, शिवणकामाची छोटी दुकाने, भाजीच्या हातगाड्या आणि दर थोड्या वेळाने रुळांवरून धडधडत जाणारी लोकल. मधून वालधुनी नदी वाहते. तिला नदी म्हणायचे म्हणून म्हणायचे. कारखान्यांच्या सांडपाण्याने तिचे पाणी काळे झाले आहे. आपल्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी नसते म्हणून आपण कुरकुरतो. पाणी असून हात बुडवता येऊ नये हे दुःख मला तिथे पहिल्यांदा कळले.

दहा बाय बाराची खोली

लेकीची खोली चाळीत पहिल्या मजल्यावर. दहा फूट रुंद, बारा फूट लांब. एका भिंतीला ओटा, शेजारी मोरी, दुसऱ्या भिंतीला पलंग आणि कपाट. बाहेर सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एक लांब गॅलरी. आमच्या गोठ्यातही याहून जास्त जागा आहे हे मी मनात म्हटले, तोंडाने बोलले नाही.

गाठोडी पाहताच लेकीचा चेहरा उतरला. तिने ती चटकन पलंगाखाली सारली. तिने मला प्यायला पाणी दिले आणि हिशोबाची वही काढली. पाहुणे 25 धरलेले. वेफर, फरसाण आणि थंड पेयाच्या बाटल्या आणायच्या, पुरी-भाजी बाहेरून मागवायची. बेरीज चार हजारांच्या पुढे गेली होती आणि हातात तीन हजार होते. ती पुन्हा पुन्हा तीच बेरीज करीत होती, जणू दुसऱ्यांदा केली की कमी येईल.

तेवढ्यात शेजारच्या बिऱ्हाडातून एक म्हातारी बाई आली. पांढरे केस, पांढरी ओढणी. सगळी चाळ तिला अम्मा म्हणते. हातात स्टीलची ताटली, त्यात भाजलेला पापड आणि पाण्याचा तांब्या. "ताई लांबून आली. पहिले पापड खा, पाणी पी, मग बोल," असे ती आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली.

मला नवल वाटले. आपल्याकडे आल्यागेल्याला गूळ-पाणी देतात. पापड जेवणाच्या ताटात डाव्या बाजूला असतो. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पापड कशाला? पण मी खाल्ला. मिरी आणि जिरे घातलेला उडदाचा पापड होता. चार तासांच्या घामाने तोंडाची चव गेली होती, ती परत आली, आणि मागून पाणी इतके गोड लागले की मी तांब्या रिकामा केला. अम्मा हसली. "सिंधमधे गरमी लय. म्हणून पाहुण्याला पापड-पाणी. कोणी पण आला तरी," ती म्हणाली. पाण्याला सिंधीतही पाणीच म्हणतात, हे तिनेच सांगितले.

बराकीतली चूल

अम्माची हकीकत ऐकायची तर थोडे मागे जावे लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराच्या मोठमोठ्या छावण्या होत्या. युद्ध संपले, छावण्या रिकाम्या झाल्या. 1947 मध्ये फाळणी झाली आणि सिंध प्रांत पाकिस्तानात गेला. तिकडचे हिंदू सिंधी कराचीहून बोटीने मुंबईला उतरू लागले. त्यांच्यापैकी सुमारे एक लाख लोकांना या रिकाम्या बराकींत ठेवले. 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या वेळचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून ते नाव पडले. आजही तिथले लोक पत्ता सांगताना एक नंबर, तीन नंबर, पाच नंबर असे छावणीचे आकडेच सांगतात.

अम्मा त्या वेळी आईच्या कडेवर होती. तिला आठवते ते आईने सांगितलेले आणि पुढच्या दहा वर्षांत स्वतः पाहिलेले. एका लांब बराकीत कितीतरी कुटुंबे, मध्ये गोणपाटाचे पडदे. पडद्यापलीकडे कोण जेवले, कोण उपाशी झोपले, सगळे ऐकू येई. ज्यांची सिंधमध्ये शेती आणि पेढ्या होत्या ते लोक इथे लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटे विकू लागले. बायका घरी पापड लाटू लागल्या, लोणची घालू लागल्या. पापडाला भांडवल थोडे लागते. उडदाचे पीठ, मिरी, पापडखार, एक पोळपाट आणि ऊन. गिरगावात 1959 साली 7 बायकांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचा धंदा सुरू केला, तो याच हिशोबावर.

"आई बोलायची, घर गेला, जमीन गेली. पापड-पाणी नाही गेला पाहिजे," अम्मा म्हणाली. बराकीत कोणी आले की गोणपाटाच्या पडद्याआड त्याला पापड मिळे. मग त्या दहा मिनिटांत आईला ठरवता येई की आता पुढे काय करायचे. कणीक असली तर कोकी, म्हणजे कांदा-मिरची घालून केलेली जाड खुसखुशीत पोळी. शिळ्या पोळ्या असल्या तर त्यांचे सेयल. काहीच नसले तर शेजारणीकडे वाटी.

हे ऐकल्यावर पापडाचे खरे काम माझ्या ध्यानात आले. पापड पाहुण्याचे पोट भरण्यासाठी नसतो. तो घरच्या बाईला उसंत देतो. पाहुणा हाताला काही मिळाल्यामुळे बसतो, बाई बेअब्रू न होता स्वयंपाकघरात वळते आणि डबे धुंडाळते.

आपल्याकडेही हे नव्हते असे नाही. 1972 च्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. आई-वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. घरात अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी आणि कामावर वाटलेली सुकडी. तशात एकदा आत्याच्या सासरची माणसे आली. आईने सुकडीत गुळाचे पाणी शिंपडले, तव्यावर परतली आणि लिंबाएवढे लाडू वळून ताटलीत ठेवले. पाहुण्यांनाही ते काय आहे ते कळले असणार, त्यांच्या घरीही तीच सुकडी होती. पण लाडू वळलेला होता. त्या माणसांनी तो मान पुढे कितीतरी वर्षे बोलून दाखवला.

मी ही गोष्ट अम्माला सांगितली. लेक बाजूला बसून ऐकत होती. थोड्या वेळाने ती उठली आणि पलंगाखालची गाठोडी स्वतःच ओढून बाहेर काढली.

गाठोड्यांत काय होते

एकात घरच्या हरभऱ्याचे दीड किलो बेसन, बाजरीचे पीठ, तीळ, सुके खोबरे, लसणाच्या गड्ड्या आणि घरचा काळा मसाला. दुसऱ्यात एक किलो कुरमुरे, भाजलेले शेंगदाणे, गूळ, चिंच, नवे कांदे आणि बांधावरच्या झाडाच्या पहिल्या कैऱ्या. बेत तिथेच ठरला. मुलांना भेळ, मोठ्यांना मासवडी-रस्सा-भाकरी आणि सगळ्यांना घरचा केक.

मासवडी जुन्नर, ओतूर, नारायणगाव या भागात घरोघर होते, पण सगळ्या जिल्ह्यांत ती ठाऊक नाही, म्हणून सविस्तर सांगते. नावात मासा आहे, वडीत नाही. घरात भाजी नाही, मटण नाही, माळकरी पाहुणा आला आहे, अशा वेळी डब्यातल्या जिनसांवर होणारा हा पाहुणचार आहे.

तीळ आणि सुके खोबरे वेगवेगळे भाजावे. कांदा उभा चिरून तेलावर लालसर करावा. त्यात लसूण, कोथिंबीर, काळा मसाला, मीठ घालून सगळे कोरडेसर वाटावे. हे झाले सारण. मग पातेल्यात फोडणी करून हळद, तिखट, मीठ घालावे आणि एक वाटी बेसनाला दीड वाटी या मापाने पाणी उकळावे. त्यात एका हाताने पीठ सोडून दुसऱ्या हाताने घोटावे, गुठळी राहू देऊ नये. झाकण ठेवून दोन वाफा आणाव्या. पोळपाटावर ओले फडके पसरून त्यावर हा गोळा गरम असतानाच पाण्याच्या हाताने पातळ थापावा. गार झाला की तडकतो. वर सारण पसरावे आणि फडक्यासह दोन्ही बाजू उचलून दुमडाव्या. लांबट, वरून निमुळता असा आकार येतो. त्याच्या वड्या पाडाव्या. रस्सा वेगळा करावा आणि वड्या जेवतानाच त्यात घालाव्या, नाही तर विरघळतात. उरलेले सारण रस्साला लावावे म्हणजे तो दाट होतो.

दीड किलो बेसनाच्या दीडशेहून जास्त वड्या झाल्या. 25 माणसांना त्या भरपूर होत्या, असे आम्हाला वाटले.

गॅस गेला

केक करायची मला सवय नाही. लेकीने तो कुकरमध्ये करायचा ठरवले. दोन वाट्या बारीक रवा, एक वाटी साखर, एक वाटी दही, एक वाटी दूध, अर्धी वाटी पातळ केलेले तूप एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवले. रवा फुगला. मग एक चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून तूप लावलेल्या डब्यात ओतले. कुकरच्या तळाला दोन वाट्या जाडे मीठ पसरले, त्यावर तिवई, तिवईवर डबा. कुकरात पाणी नाही, झाकणाची रबरी कडी काढलेली, शिट्टीही काढलेली. मंद आचेवर पाऊण तास. कोकणात काकडीचे धोंडस वर-खाली निखारे ठेवून भाजतात, त्याचाच हा शहरी प्रकार.

वीस मिनिटे झाली असतील. शेगडीची ज्योत निळ्याची पिवळी झाली, फुरफुरली आणि गेली. सिलिंडर संपला. दुसरा भरलेला नव्हता. नोंदवलेला होता, पण आला नव्हता. संध्याकाळचे साडेपाच झाले होते, पाहुणे सातला यायचे होते, भाकरी एकही झालेली नव्हती. लेक ओट्याला टेकली आणि मुसमुसू लागली. "हॉल घेतला असता तर..." एवढेच म्हणाली. शेळ्या विकल्या असत्या तर, असे माझ्याही मनात येऊन गेले.

अम्माला कोणी सांगितले कोण जाणे. ती दारात आली, कुकराकडे पाहिले आणि म्हणाली, "रडते कशाला? उचल." जावयांनी फडक्याने कुकर धरला आणि झाकणासकट गॅलरीतून पळत तिच्या शेगडीवर नेऊन ठेवला. भाकरीचे पीठ पलीकडच्या कोकणी बिऱ्हाडात गेले. रस्सा तिसऱ्या घरी, खानदेशातल्या बाईकडे. तिने झाकण उचलून वास घेतला आणि "आमच्यासारखाच आहे, फक्त तिखट कमी," असे सांगून आपल्या हाताने चमचाभर तिखट वाढवले. मी काही बोलले नाही.

केक झाला. पण हलवाहलवीत मधोमध खड्डा पडला होता. लेकीने ओले खोबरे किसले, गुळात परतले आणि मोदकाच्या सारणासारखा तो चव खड्ड्यात भरला. वर चार काजू. जन्माला आल्यापासून केक तसाच असायला हवा होता असे दिसू लागले.

पंचवीसचे एकेचाळीस

पाहुणे आले ते 25 नव्हते. जावयांच्या सोबत काम करणारे बायकामुले घेऊन आले. चाळीतली मुले तर बोलावल्याशिवायच येणार, आणि ती यायलाच हवीत. मी दारातून मोजली. लहानमोठी मिळून 41 माणसे.

लेकीने माझ्याकडे पाहिले. मी अम्माकडे पाहिले. अम्माने पापडांचा डबा पुढे केला. घरातली मोठी मुलगी पापड भाजू लागली, जावई गॅलरीत सतरंज्यांवर बसलेल्यांना पापड आणि पाणी देऊ लागले. आम्हाला पंधरा मिनिटे मिळाली.

तेवढ्यात काय काय झाले ते सांगते. मुलांसाठी कुरमुऱ्यांची भेळ कालवली. बारीक कांदा, कैरी, शेंगदाणे आणि चिंच-गुळाचे पाणी, एक वाटी चिंचेला दीड वाटी गूळ या मापाने आधीच उकळून ठेवलेले. एक किलो कुरमुऱ्यांत सगळी मुले आणि निम्मी मोठी माणसेही खाऊन झाली. रस्सात दोन चमचे भाजलेले बेसन आणि आधणाचे पाणी घालून तो वाढवला. नुसते गार पाणी घातले असते तर चव उतरली असती. अम्माने आदल्या दिवशी स्वतःच्या घरासाठी तळलेली पकवाने आणली. मैद्यात जिरे घालून केलेल्या या मोठ्या कडक पुऱ्या चार दिवस टिकतात. सोबत हरभऱ्याची शिजवलेली डाळ. भाकरी कमी पडली तिथे पकवान वाढले. ताटात चार-चार वड्या ठरवल्या होत्या, त्या मोठ्यांना चार आणि मुलांना दोन अशा गेल्या. शेवटी पातेल्यात सात वड्या उरल्या होत्या. मी त्या मोजल्या, कारण मला विश्वास बसत नव्हता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कांदे पुरुषांनी चिरले. भांडी जावयांच्या मित्रांनी नळावर नेऊन घासली. घरी करायचे म्हणजे स्वस्त, असे आपण सहज म्हणतो. पण त्या स्वस्ताईचे पैसे बहुतेक वेळा घरातली एकच बाई आपल्या पाठीने भरते. त्या दिवशी मी एकटी राबले असते तर दुसऱ्या दिवशी उठले नसते, आणि हा लेखही लिहिला नसता. घरचा पाहुणचार करायचा तर हात वाटून घेतले पाहिजेत, नाही तर हॉल बरा.

रात्री अम्मा पायरीवर बसून होती. मी तिला म्हटले, तुमच्या घरची पकवाने आम्ही संपवली. तेव्हा तिने 26 जुलै 2005 ची गोष्ट सांगितली. त्या दिवशी वालधुनीचे पाणी वस्तीत शिरले, लोकल बंद पडल्या, माणसे रुळांवरून चालत घरी निघाली. खालच्या मजल्यावरची बिऱ्हाडे वर आली. प्रत्येक घराने जे कोरडे राहिले होते ते आणले. कोणी तांदूळ, कोणी डाळ, कोणी रॉकेल. एका पातेल्यात खिचडी शिजली आणि रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसांनीही खाल्ली. "त्या दिवशी कोणाची वाटी कोणाकडे गेली, अजून हिशोब नाय झाला," ती म्हणाली. "आणि कराचाच नाय."

दुसऱ्या दिवशी

सकाळी चपात्या उरल्या होत्या, शेजारणींनी मुलांसाठी म्हणून दिलेल्या. मी फोडणीची पोळी करायला निघाले, तर अम्माने सेयल शिकवले. कांदा, टोमॅटो, लसूण, हिरवी मिरची आणि भरपूर कोथिंबीर तेलावर परतून त्यात हळद, मीठ आणि पेलाभर पाणी घालायचे. उकळी आली की चपातीचे तुकडे टाकून झाकण ठेवायचे. पाणी शोषून तुकडे मऊ झाले की उतरवायचे. आपल्या फोडणीच्या पोळीची ही ओली बहीण. मासवडीचा रस्सा मात्र आम्ही रात्रीच संपवला होता. उन्हाळ्यात खोबऱ्याचे वाटण लावलेला रस्सा सकाळपर्यंत ठेवू नये.

मग लेकीने वही काढली. दूध, दही, तूप, भाजी, पापडाचे पैसे अम्माने घेतलेच नाहीत, असे सगळे धरून 2,150 रुपये खर्च आला होता. माझ्या गाठोड्यांतल्या जिनसांचा भाव लावला तरी तीन हजारांच्या आतच. ती बेरीज तिने एकदाच केली.

पाडव्याला आठ दिवस होते. पाडव्याच्या सुमारास सिंधी लोकांचे चेटीचंड असते. अम्माच्या घरी त्या दिवशी पाहुणे यायचे होते. लेक म्हणाली, "तिच्याकडे मासवडी करून देऊ या का? बेसन आहे का गं आणखी आपल्याकडे?" मी म्हटले, पाठवते. कल्याणला येणाऱ्या एस.टी.त ओळखीची एखादी बाई असतेच.

परतीच्या गाडीत माझ्या पिशवीत अम्माने दिलेले पापड होते, दोन डझन, वर्तमानपत्रात बांधलेले. घाट चढून गाडी धरणाच्या पाण्याशी आली तेव्हा वाऱ्याने बरे वाटले. घरी पोचले तर ओट्यावर तालुक्याहून आलेले दोन पाहुणे बसलेले आणि कारभारी आमच्या पोराला दुकानात फरसाण आणायला उधारीवर पाठवीत होते. मी पोराला दारातून परत बोलावले. चूल पेटलेली होती. निखाऱ्यावर दोन पापड भाजले, तांब्या भरला आणि बाहेर नेऊन ठेवला.

"हे काय? जेवणाआधी पापड?" कारभारी म्हणाले.

"खाऊन पाहा," मी म्हटले आणि डबे पाहायला आत गेले. गोठ्यात दोन्ही शेळ्या रवंथ करीत होत्या.